सावित्रीच्या खोऱ्याबाहेर एक प्रत

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग
यांस खुले पत्र



मी महाड तालुक्यातल्या वरंधचा. बिरवाडीत संगणक दुरुस्तीचं काम करतो. ग्रामपंचायतींची आणि शाळांची जुनी रजिस्टरं स्कॅन करायची म्हटलं, की ती ठेवायची कशावर हा प्रश्न फिरून फिरून आमच्यासारख्यांकडे येतो. सरपंच विचारतात, मुख्याध्यापक विचारतात. ग्रामसेवक तर काउंटरवर हात टेकून थेट सांगतात, "पन्नास वर्षं टिकेल असं काहीतरी द्या." माझं उत्तर त्यांना आवडत नाही. पन्नास वर्षं टिकेल असं माझ्याकडे काही नाही, आणि जो तसं सांगून विकतो त्याच्याकडून घेऊही नका. नाराज होऊन जातात बिचारे. पण ग्रामपंचायती आणि प्राथमिक शाळा दोन्ही आपल्या अखत्यारीत येतात, म्हणून जे त्यांना काउंटरवर धड सांगता येत नाही ते आपल्याला लिहितोय.

कोणती डिस्क घ्यायची, हा आमच्या तालुक्यांत दुसरा प्रश्न आहे. दुसरी प्रत ठेवायची कुठे, हा पहिला.

२२ जुलै २०२१च्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथलीच. ते पाणी पोलादपूरवरून महाडला उतरलं, गांधारी आणि काळ त्याला येऊन मिळाल्या, आणि बाजारपेठेचं काय झालं ते आपल्या कार्यालयाला मी सांगायला नको. वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं. महाडकरांना पूर नवा नाही. आषाढ लागला की माल माळ्यावर चढवायची इथल्या व्यापाऱ्यांना सवयच आहे. तांदूळ चढतो, कापड चढतं, गल्ला तर चढतोच. त्याच दिवशी चिपळूण आगाराचे व्यवस्थापक एसटीची नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले होते. रोकड वाचवायची हे कुणी सांगावं लागत नाही. टेबलाखालचा संगणक मात्र टेबलाखालीच राहतो.

पाणी ओसरल्यावर ते सीपीयू पोत्यांतून दुरुस्तीला आले. हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. त्याच्या शेजारी छापलेलं असतं की हे झाकू नका. आत धूळ जाऊ नये म्हणून गाळणी असते, पण ती धुळीसाठी. पुराचं पाणी तिला दाद देत नाही. डिस्क उघडली की आरशासारख्या तबकडीवर गाळाची तपकिरी साय धरलेली दिसायची, अगदी सारखी, ब्रशनं लावल्यासारखी. वाचणारं टोक त्या तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. तिथे गाळाचा एक कण म्हणजे वाटेतला धोंडा. बऱ्याच जणांनी घाईनं डिस्क उन्हात वाळवून, जोडून, सुरू करून पाहिलेली असायची. तिथे सगळं संपायचं. भिजलेली डिस्क वाळवू नये आणि चालूही करू नये. ओलीच पिशवीत घट्ट बांधून डेटा काढणाऱ्यांकडे पाठवली तर थोडी आशा असते. हे पावसाआधी प्रत्येक कार्यालयाला एका ओळीत कळवलंत तरी पुष्कळ होईल.

पण मला खरं बोचतं ते निराळंच. त्या पोत्यांत कितीतरी बाहेरून लावायच्या डिस्कही होत्या, त्यांवर मार्करनं ठळक 'बॅकअप' लिहिलेलं. म्हणजे माणसांनी काळजी घेतली होती, पैसे खर्चले होते. ती बॅकअपची डिस्क असायची त्याच टेबलाच्या खणात. एका पाण्यानं दोन्ही प्रती बुडाल्या, तर त्यांना दोन प्रती कशा म्हणायच्या?

हे फक्त महाडात होतं असंही नाही. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांच्या बॅकअप प्रतीही त्याच आवारात होत्या आणि त्यांच्यासोबत जळाल्या. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५मध्ये तेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. तिथल्या सरकारी नोकरांच्या सामायिक साठ्यात ८५८ टेराबाइट माहिती होती, आणि साठा फार मोठा म्हणून त्याची दुसरी प्रतच काढलेली नव्हती. आपल्याकडे मंत्रालयाची २१ जून २०१२ची आग आपल्याला माहीतच आहे. तिथे तर कागदच जळाले.

आमच्या मुलखानं या बाबतीत जे पाहिलंय ते या सगळ्यांहून जुनं आहे. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवाजी महाराजांवर संस्कृतात शिवभारत रचलं. ते आज आपल्या हातात आहे ते पोलादपूरमुळे नाही, रायगडामुळे तर नाहीच नाही. रायगड पुढे मोगलांच्या हाती गेला, १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे वाडे पेटले. तिथल्या दफ्तराचं काय उरलं ते आपण जाणतो. शिवभारताची पोथी मिळाली तंजावरच्या सरस्वती महालात, आणि तिच्यावरून सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली छापलं. तीही अपुरीच. बत्तिसाव्या अध्यायाला नुकती सुरुवात होते आणि काव्य तुटतं. पण जे मिळालं ते हजार किलोमीटरवरच्या प्रतीनं मिळालं. शिवकाळाचा अभ्यास करणाऱ्यांना सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं लंडनमध्ये चाळावी लागतात, पोर्तुगिजांची गोव्यात, ती याच कारणानं. गडावरचं गडाबरोबर गेलं.

दुसरं उदाहरण तर आमच्या घाटाखालचंच. शिवथरघळीत समर्थ रामदासांचा दासबोध लिहिला गेला असं मानतात. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३०मध्ये ही घळ शोधून काढली. दासबोधाचे पाठ बहुतेकांना येतात, पण एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पाठ असणारा मला अजून भेटायचाय. तो समास लेखनक्रियेवर आहे. बोरू कसे आणावेत, शाई आणि कागद कसा असावा, अक्षर केवढं काढावं. त्यात एक गोष्ट अशी आहे की वाचून मी उडालोच. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा आणि मजकूर मधेच लिहा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. पोथीला मेणकापड घाला, पेटीत ठेवा, कुलूप लावा, हेही तिथेच. कोकणातला पाऊस ज्यानं काढलाय त्याचं हे लिहिणं. कागद झडणारच, हे गृहीत धरून पुढचा विचार केलेला. आणि तेवढ्यावर न थांबता मठामठांतून नकला झाल्या. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची प्रत डोमगावला राहिली, म्हणजे परांड्याकडे, कोरड्या मुलखात.

आता माध्यमांकडे येतो, कारण खरेदीचा कागद आपल्याच टेबलावर येणार.

पेनड्राइव्ह नकोच. तो नेण्या-आणण्यासाठी असतो, ठेवण्यासाठी नव्हे. एसएसडी कामाच्या संगणकात उत्तम, पण कपाटात ठेवायला वाईट. तिच्यातली अक्षरं म्हणजे साठवलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू गळतो. वापरून झिजत आलेल्या साध्या एसएसडीनं विजेविना ३० अंशांत वर्षभर डेटा धरावा, एवढीच अपेक्षा या उद्योगाच्या मानकात धरलेली आहे. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालचं कपाट ३० अंशांवर थांबत नाही.

सीडी-डीव्हीडीवर कुणी शंभर वर्षांची हमी देतं, कुणी हजारची. एम-डिस्क नावाच्या चकतीत रंगाऐवजी दगडासारखा थर असतो, आणि तो टिकाऊ आहे हे मी नाकारत नाही. पण ती काढणारी मूळ कंपनी २०१६मध्येच बंद पडली, आणि नव्या संगणकांत चकती घालायची खाचच राहिलेली नाही. शिवाय दमटपणा आहे. २००१मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञांना बेलीझहून आलेली एक सीडी तपासताना तिला आतून खाणारी बुरशी सापडली होती. बेलीझचं हवामान आणि पोलादपूरचं श्रावणातलं हवामान यांत फार फरक नसावा.

राहिल्या साध्या, फिरणाऱ्या हार्ड डिस्क आणि टेप. गावपातळीवर हार्ड डिस्क बरी. स्वस्त आहे, कुठल्याही संगणकाला लागते, आणि बिघडायच्या आधी बहुधा कुरकुर करते. मात्र दोन घ्याव्यात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एका खेपेतला दोष दोन्हीत येणार नाही. काम झालं की वायर काढून ठेवायची. जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे खंडणीखोर व्हायरसला आयतं ताट; तो मूळ फायलींबरोबर बॅकअपलाही कुलूप घालतो. आणि पाचेक वर्षांनी, चालत असली तरी, नवी घेऊन तिच्यावर नक्कल उतरवायची. ग्रामसेवकांना हेच पटत नाही. चालू वस्तू का टाकायची?

टेपचं नाव काढलं की लोक हसतात. त्यांना ऑडिओ कॅसेट आठवते. पण २०११मध्ये गुगलच्या एका चुकीनं काही जीमेल खाती रिकामी झाली, तेव्हा ती पत्रं गुगलनं टेपवरूनच परत आणली. एलटीओ-९ जातीच्या एका कॅसेटवर १८ टेराबाइट मावतात, आणि नीट ठेवली तर ती तीस वर्षं धरते असं बनवणारे सांगतात. जरा हिशेब मांडू. एका ग्रामपंचायतीची चाळीस जाड रजिस्टरं, प्रत्येकी दोनशे पानं, पान दोन मेगाबाइटचं धरलं तर सोळा गिगाबाइट होतात. जिल्ह्यात आठशेच्या आसपास ग्रामपंचायती. म्हणजे तेरा टेराबाइटसुद्धा नाही. रायगड जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींचं जुनं दप्तर खिशात मावणाऱ्या एका कॅसेटवर बसतं! ड्राइव्हला मात्र काही लाख पडतात, म्हणून ते काम ग्रामपंचायतीचं नाही, आपलं आहे. एक ड्राइव्ह अलिबागला, आणि दर वर्षी कॅसेटचे तीन संच.

क्लाउडला माझा विरोध नाही. असावाच. पण गावाच्या पातळीवर क्लाउड म्हणजे कुणा ऑपरेटरचं स्वतःचं जीमेल खातं असतं. ऑपरेटर बदलतो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, आणि दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर असं खातं काढून टाकायचं धोरण गुगलनं २०२३पासून आणलंय. क्लाउड घ्यायचा तर जिल्हा परिषदेच्या नावानं, बिल जिल्हा परिषदेनं भरायचं. आणि पुराच्या चार दिवसांत तो उघडणार नाही, हे धरून चालायचं.

मग प्रती कुठे? एक गावात, पण ग्रामपंचायतीत नव्हे तर गावातल्या सगळ्यांत उंच पक्क्या इमारतीत. तिथेही दरडीचा विचार करावा लागेल. तळीयेला २२ जुलै २०२१ला दरड कोसळून जे झालं त्यानंतर डोंगराकडेची जागा म्हणजे सुरक्षित जागा, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. अशा वेळी वारसाला मदत मिळायची तर नाव, नातं, वय कागदावरच लागतं, आणि घरातला कागद घराबरोबर गेलेला असतो. दुसरी प्रत अलिबागला. पण अलिबाग समुद्रावर, आणि ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आपल्या जिल्ह्यातूनच गेलं.

तिसरी घाटापलीकडे. माझ्या पत्राचा सगळा रोख या एका वाक्यावर आहे. वरंधा घाटाच्या अलीकडे पडलेलं पाणी सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला जातं. पलीकडे, शिरगावाजवळ नीरा उगवते. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. पाऊस दोन्हीकडे एकाच ढगाचा पडेल, पण पूर एकच नसणार. भोर नीरेच्या काठी आहे, म्हणून अगदी नदीकाठची इमारत नको एवढंच पाहायचं. पुणं तर आणखी पुढे. पुणे जिल्हा परिषदेशी साटंलोटंच करा ना. त्यांची पेटी आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. भाडं नाही, टेंडर नाही. मृग लागायच्या आत पेटी घाट चढली पाहिजे. पुढे घाट कधी बंद होईल सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट हार्डवेअरवाले सांगत नाहीत, कारण ती विकता येत नाही. गांधारपाल्याची लेणी महाडच्या डोक्यावर आहेत. तिथले ब्राह्मी लेख पुराच्या रेषेच्या वर, दगडात, अठराशे वर्षं शाबूत आहेत. पण १८३०च्या दशकात प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडेपर्यंत ते वाचणारा कुणी नव्हता. आपल्या कार्यालयांतल्या १९९५ ते २०१०च्या फायली आज त्याच अवस्थेत आहेत. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत, सीडॅकच्या आयएसएममध्ये, कुणाच्या पेजमेकरमध्ये, कुणाच्या जुन्या वर्डमध्ये. फाइल शाबूत असते, उघडते, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा येतो. मूळ फॉन्ट मिळाला तर मराठी दिसतं, नाहीतर नाही. कोणता फॉन्ट कुठल्या खात्यात चालायचा हे आठवणारे कर्मचारी निवृत्त व्हायला लागलेत. त्या फायली त्यांच्या हयातीत युनिकोडमध्ये आणून पीडीएफ-ए स्वरूपात ठेवाव्या लागतील. हे काम डिस्कखरेदीच्या आधीचं आहे, आणि सगळ्यांत किचकट आहे.

काय ठेवायचं आणि काय नको, यावर बैठक लागेल तेव्हा कुणीतरी म्हणेल, एवढं जुनं कोण बघतंय. त्यांना २०२३ आठवायला सांगा. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गाव नमुना १४, कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं राज्यभर शोधली जाऊ लागली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्या नोंदी करणाऱ्या कोतवालाला किंवा मास्तरांना कधी वाटलं असेल का, की शंभर वर्षांनी कुणाचं तरी जातप्रमाणपत्र या ओळीवर ठरेल? म्हणून निवड करत बसू नका, सगळं ठेवा. सोळा गिगाबाइटला आज जागा किती लागते ते वर सांगितलंच.

मूळ कागदही टाकू नका. स्कॅन झालं, आता रद्दीत घालू, हे मी ऐकलंय. पुरात भिजलेलं रजिस्टर साधारण दोन दिवसांत बुरशी धरतं; ते तसंच गोठवून ठेवलं तर पुढे सावकाश वाळवायला अवधी मिळतो. आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मासळीसाठी बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं आहेत. आपत्तीच्या आराखड्यात त्यांतल्या दोघांचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवायला काय हरकत आहे? वास येईल म्हणतील. येऊ दे की.

तपासणी हवीच. प्रत्येक फाइलचा चेकसम काढता येतो, म्हणजे मजकुरावरून निघणारी एक लांबलचक अक्षरमाला. मजकुरात एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी ती पूर्ण बदलते. ती वेगळ्या यादीत ठेवायची, यादीचा छापील कागद कपाटात लावायचा, आणि वर्षातून एकदा डिस्कवरच्या फायलींशी ताडून पाहायचं. त्याला दिवसही मी ठरवून देतो. खंडेनवमीला कार्यालयातल्या संगणकाला हळद-कुंकू लागतंच. तेव्हाच डिस्क बाहेर काढा, जोडा, ताडा, आणि मग झेंडूचं फूल ठेवा. पाऊसही संपलेला असतो, त्यामुळे दमटपणानं जे व्हायचं ते तोवर झालेलं असतं आणि दिसतंही.

शेवटी टेंडरचं बोलतो, कारण तिथे आपली सही लागते. स्कॅनिंगचं काम दिलं की पानामागे दर ठरतो, पानं मोजली जातात, डिस्क हातात येते, बिल निघतं. डिस्क परत कुणी उघडत नाही. त्याऐवजी बिलातला काही हिस्सा तीन वर्षं राखून ठेवा. तिसऱ्या खंडेनवमीला ठेकेदाराच्या माणसानं घाटापलीकडची पेटी आणायची, ज्यानं ते काम केलेलं नाही अशा एखाद्या ग्रामसेवकानं मनाला येईल ते रजिस्टर आणि पान सांगायचं, आणि ते पान त्याच्या समोर उघडून दाखवायचं. उघडलं तर उरलेले पैसे. वरंधच्या पेटीसाठी तो ग्रामसेवक शोधायची जबाबदारी माझी.

कळावे,
आपला,
वरंधचा एक संगणक दुरुस्तीवाला